पहिला चमचा

१

धाकटा तोंड पुसत स्वयंपाकघरात आला, तेव्हा वडील टेबलावर डोकं टेकून बसले होते आणि शेजारच्या खुर्चीत आई वर्तमानपत्राच्या घड्या घालत होती. वडिलांचा डोळा कुठंही लागायचा, त्यात नवल नव्हतं. आई रात्र रात्र घरभर फिरायची, ते तिच्या मागे मागे फिरायचे, आणि सकाळी जिथं टेकतील तिथं पेंगायचे. म्हणून त्यानं आधी चहाचं आधण ठेवलं. गॅसची बटणं वडिलांच्या सदऱ्याच्या खिशात असायची. आईच्या हाती लागू नयेत म्हणून ती रात्री काढून ठेवावी लागत. बटण काढायला त्यानं खिशात हात घातला आणि हात तिथंच राहिला.

सदऱ्याखाली काहीच हलत नव्हतं.

"हळू," आई म्हणाली. "झोपलेत ते."

टेबलावर एक चमचा होता, पाण्याचा अर्धा ग्लास होता आणि झाकण काढलेली काचेची बरणी होती. बरणीत हिरवट-करड्या रंगाचं चूर्ण होतं. आईच्या विसराळूपणावरचं नवं औषध. शुक्रवारी संध्याकाळी ते वैद्यबुवांकडून धाकट्यानंच आणलं होतं.

त्याला रडू आलं नाही. तो कपाटाला टेकून उभा राहिला आणि आई कागदाला नखानं दुमड घालते आहे ते बघत राहिला. आईनं उभं आयुष्य छापखान्यात पुस्तकं बांधण्यात घालवलं होतं. स्वतःचं नाव विसरली, पण घडी वाकडी जात नव्हती.

मग त्यानं ताईला फोन लावला. घसा इतका कोरडा पडला होता की धड वाक्यही जुळेना.

"ताई, लवकर ये. सगळं संपलं."

 ताईचा शांत आवाज आला, "बाबांना एकटं सोडू नकोस. मी निघालेच."

ताई आली ती धावतच. दार आईनं उघडलं. ताई उंबऱ्यात जागच्या जागी थिजली आणि आईकडे अशी बघत राहिली की जणू भिंतीतून कुणी बाहेर आलंय.

"बाबा कुठायत?" तिनं विचारलं.

धाकट्यानं स्वयंपाकघराकडे बोट केलं. ताई दोन पावलं गेली आणि मटकन खाली बसली. त्यानं तिला धरलं. तिचं अंग थंडगार पडलं होतं.

डॉक्टर आले. त्यांनी डोळे पाहिले, तोंडाचा वास घेतला, बरणी नाकाशी नेली आणि पेन पुन्हा खिशाला लावलं.

"यांचं हृदय अधू होतं, पण मागच्याच आठवड्यात मी तपासलंय. असे अचानक जायला नको होते," ते म्हणाले. "दाखला मी देत नाही. कुणी कशाला हात लावू नका. पोलिसांना कळवा."

२

निरीक्षक बाई बुटक्या, जाड भिंगांच्या चष्म्याच्या, आणि एका कानानं अधू होत्या. समोरच्याकडे चांगला कान करून त्या मान कलती धरायच्या. त्यामुळे बोलणारा माणूस आपसूक मोठ्यानं बोलायचा, आणि मोठ्यानं बोलायला लागला की हवं त्यापेक्षा जास्त बोलायचा. चष्म्याची एक दांडी सैल होती. धाकट्याचं चष्म्याचंच दुकान. त्या बोलत असताना त्याची नजर राहून राहून त्या दांडीकडे जात होती. वडील शवागारात होते आणि आपण दांडीच्या स्क्रूचा विचार करतोय, हे त्याला कळत होतं. पण कळूनही मनात काही उमटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर जिभेला गाल लागतो पण गालाला जीभ लागत नाही, तसं झालं होतं.

"कण्हेर," बाई म्हणाल्या. "वाळवून कुटलेली कण्हेर. तुमच्या वडिलांच्या पोटात तीच निघाली आणि बरणीतही तीच."

"वैद्यबुवांची चूक?"

"मलाही आधी तेच वाटलं. पण बरणीत चूर्णाचा फक्त वरचा थर विषारी आहे. खाली सगळं स्वच्छ. चूर्ण बरणीत कुणी भरलं?"

"बाबांनी. वैद्यबुवा कागदाच्या पुड्यात बांधून देतात. शुक्रवारी मी पुडा आणला, बाबांनी लगेच बरणीत ओतला आणि बरणी फळीवर ठेवली."

"म्हणजे कण्हेर त्यानंतर पडली. या घरात. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ, एवढ्यात." बाईंनी मान आणखी कलती केली. "आता मला एक सांगा. औषध तुमच्या आईचं. मग ते तुमच्या वडिलांनी का खाल्लं?"

धाकट्याची नजर पुन्हा चष्म्याच्या दांडीवर गेली.

"आणि दुसरं. शनिवारी तुम्ही वडिलांवर इतके ओरडलात, की पलीकडच्या गल्लीत ऐकू गेलं. 'तुम्ही मराल यानं.' हेच शब्द होते ना?"

३

त्या घरात औषधांचा सुकाळ होता. चार माणसं भेटली की पाच औषधं कळायची. ब्राह्मीचं तेल डोक्याला चोळून झालं. शंखपुष्पीचं सरबत झालं. अक्रोड, बदाम, मधातलं वेखंड, मालकांगोणीचे थेंब झाले. कुणी परदेशी झाडाच्या पानांच्या गोळ्या दिल्या, कुणी म्हणालं उशाशी सुवासिक पाला ठेवा. आई सगळं मुकाट घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी बेसिनच्या आरशात बघून किंचाळायची, "ती बाई पुन्हा आली!" शेवटी वडिलांनी घरातले आरसे कॅलेंडरच्या पानांनी झाकले, बाहेरच्या दाराला अगदी वर कडी बसवली आणि स्वतः चाचपून दाढी करायला लागले. हनुवटीवर कायम कापल्याच्या खुणा असायच्या. पाणीखात्यात पंप चालवण्यात सगळी नोकरी झालेली. बंद पडलेली मोटर तीनदा खोलून चौथ्यांदा चालू होते, यावर त्यांचा भरवसा होता. तोच भरवसा त्यांनी आईवर ठेवला होता.

"औषधं बाबा आधी स्वतः घ्यायचे," धाकटा शेवटी म्हणाला. "नवं काहीही आलं की पहिला चमचा त्यांचा. सोमवारी सुरू करायचं, दोन-तीन दिवस स्वतः घ्यायचं, काही झालं नाही तरच आईला द्यायचं. मी म्हणायचो, तुमचं हृदय असं, हे भलते उद्योग बंद करा. शनिवारी त्यावरूनच भांडलो. म्हटलं, एवढंच असेल तर या वेळी मी चाखतो. ऐकलं नाही त्यांनी."

"हे कधीपासून?"

"मागल्या वर्षीपासून. एक काढा आईला बाधला. उलट्या करून करून ती निपचित पडली. बाबा रात्रभर तिचे पाय चोळत बसले होते. तेव्हापासून."

"तो काढा कुणी आणला होता?"

"ताईनं," तो म्हणाला. "तिच्या ओळखीतल्या कुणी सांगितला म्हणून. बिचारीनं स्वतः उकळून बाटलीत भरून आणला होता."

बाईंनी काही टिपून घेतलं नाही. उठल्या आणि म्हणाल्या, "चला, वैद्यबुवांकडे जाऊ."

वैद्यबुवांचं दुकान म्हणजे छतापर्यंत बरण्या. वैद्यबुवा सत्तरीचे, सरळ माणूस म्हणून ख्याती. पण आज त्यांनी दुकान अर्धंच उघडलं होतं. त्याच घाण्यातलं उरलेलं चूर्ण त्यांनी न मागताच पुढं केलं. बाईंच्या माणसानं ते बांधून घेतलं. नंतर कळलं, की त्यात काहीही वावगं नव्हतं.

"पंपवाले काका स्वतः चाखतात, हे तुम्हाला ठाऊक होतं?" बाईंनी विचारलं.

"होतं की. मला म्हणायचे, बुवा, थोडं जास्त बांधा, आधी माझा वाटा. मी हसायचो. म्हणायचो, नवरा असावा तर असा."

बाई बोलत बोलत मागच्या दारातून अंगणात गेल्या. धाकटाही गेला. वाळत घातलेल्या पाल्याच्या पलीकडे, कुंपणाशी, एक जाड बुंधा जमिनीलगत तोडलेला होता. कापलेली जागा अजून ओली आणि पांढरी होती. चीक ठिबकत होता.

"हे कसलं झाड, वैद्यबुवा?"

वैद्यबुवा जमिनीकडे बघत राहिले.

"कण्हेर," ते म्हणाले.

४

"भीतीपोटी तोडलं," परत येताना बाई म्हणाल्या. "विषाचं नाव गावभर झालं, यांचं झाड कुंपणात. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण भित्र्याच्या मनातही असतं. आणि कण्हेर काय, तुमच्या गल्लीतही प्रत्येक फाटकाशी आहे. झाडावरून माणूस सापडायचा नाही."

घरी मावशी आईला भरवत होत्या. मावशी म्हणजे आईला सांभाळायला येणारी बाई. सोमवार ते शुक्रवार, सकाळ ते दुपार. आई त्यांना कधी 'वहिनी' म्हणे, कधी 'सिस्टर', एकदा तर 'पोस्टमन' म्हणाली होती. मावशींनी कशालाच कधी ना म्हटलं नाही.

बाईंनी मावशींची पिशवी टेबलावर उपडी केली. डबा, छत्री, रुमाल, आणि एक बाटली.

"खोकल्याचं औषध," मावशी पटकन म्हणाल्या.

"खोकला कुणाला आहे?"

मावशींचा घास हातातच राहिला. आई तोंड उघडून वाट बघत होती.

"कधीमधी देते मी यांना," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. "थोडंसंच. तासभर झोपतात. तेवढ्यात माझी पाठ टेकते. आता हाकला मला. पण काकांच्या जिवाशी मी नाही खेळले हो. मी यांना घास भरवला की ते मला पाणी द्यायचे. असं माणूस कुठं मिळतं?"

धाकट्याला राग यायला हवा होता. त्यानं मावशींच्या हातातला चमचा घेतला आणि आईच्या तोंडात घास घातला.

"पुडा शुक्रवारी संध्याकाळी आला," बाई म्हणाल्या. "तुम्ही शुक्रवारी दुपारी गेलात त्या सोमवारीच आलात. बरोबर?"

"माझ्या मुलीकडे होते. शेजारीपाजारी विचारा."

"विचारलंय." बाईंनी बाटली तेवढी बाजूला ठेवली. "काका औषध चाखायचे, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"म्हणजे काय! चमचा मीच धुवायचे."

"आणखी कुणाला ठाऊक होतं?"

"या धाकट्या दादांना. वैद्यबुवांना." मावशी थांबल्या. "ताईंना तेवढं सांगायचं नाही, असं काकांनी बजावलं होतं. म्हणायचे, पोरगी मनाला लावून घेईल. तिच्या काढ्यानं झालं म्हणून आपण चाखतोय असं तिला वाटेल. त्या दर रविवारी यायच्या ना, तेव्हा काका मुद्दाम त्यांच्यासमोर सगळी औषधं आईंना द्यायचे. जुनी, चाखून झालेली."

बाईंनी धाकट्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. खरंच होतं ते.

"रविवारी ताईंनी इथं काय काय केलं?"

"नेहमीचंच," धाकटा म्हणाला. "स्वयंपाक केला. फळ्या आवरल्या. बाबांना म्हणाली, नवं औषध आजपासूनच सुरू करा की. बाबा म्हणाले, नवं औषध सोमवारी." मग घाईनं म्हणाला, "ताईचं काय विचारता? ताईचा बाबांवर जीव होता. आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मी आईचा, ती बाबांची."

"तेच विचारतेय," बाई म्हणाल्या. "उद्या मला त्यांच्या घरी न्या."

५

ताई पाळणाघर चालवायची. दारातच इवल्या चपलांची रांग, आत गाद्यांवर झोपलेली पोरं, कोपऱ्यात लाकडी घोडा. आठवडाभर दुसऱ्यांची लेकरं सांभाळायची आणि रविवारी आईबाबांकडे यायचं, असा तिचा वर्षानुवर्षांचा रिवाज. आज ती पोरांच्या मध्ये बसून एकाला थोपटत होती. डोळे सुजलेले, पण हात चालू.

"भाऊजी कुठायत?" धाकट्यानं विचारलं.

"कामावर. घरी बसून काय करणार?" ताई उठली. "बाई, काय ते हळू बोला. आत्ताच झोपलीत."

निरीक्षक बाई हळू बोलल्या. नवी ओळख करून घ्यावी तसं इकडचं तिकडचं विचारलं. मग म्हणाल्या, "रंगाचा वास येतोय."

"मागची खोली रंगवली. दोन आठवडे झाले, वास जात नाही मेला."

"पाळणाघरासाठी?"

"नाही. पोरांचीच होती ती, पण रिकामी केली." ताई क्षणभर थांबली. "आईबाबांना इकडे आणणार होते. दोघांना. धाकट्याचं दुकान, त्याची किती ओढाताण होते."

धाकट्याला हे नवीनच होतं. पण ताई असंच करायची. आधी सगळं करून ठेवायची आणि मग सांगायची.

खोली नीटनेटकी होती. फिक्या हिरव्या भिंती. खिडकी मागच्या रस्त्याकडे, खिडकीशी हाताची खुर्ची. एक लोखंडी पलंग, वर नवी चादर. पलंगाशी छोटा रेडिओ, वडिलांना बातम्या लागायच्या म्हणून. भिंतीवर दाढीचं सामान ठेवायला फळी, आणि फळीच्या वर पुरुषाच्या तोंडाच्या उंचीला गोल आरसा. चांगला, जाड काचेचा. फळीवर नवा ब्रश, अजून वेष्टनात.

'बाबांना आवडलं असतं,' धाकट्याच्या मनात आलं. एवढंच आलं.

निरीक्षक बाई आरशासमोर गेल्या. चष्मा काढून पुसला, कपाळावरची बट मागे सारली.

"छान आरसा आहे," त्या म्हणाल्या.

"बाबांच्या हनुवटीवर केवढे काप असायचे," ताई म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "म्हटलं, इथं तरी नीट दाढी करतील."

तेवढ्यात एक बाई आपल्या मुलीला न्यायला आली. धाकट्याला पाहून तिनं हळहळ व्यक्त केली. "फार वाईट झालं हो. ताई किती दिवस सांगत होत्या, माझे बाबा राहायला यायचेत, बाबा यायचेत. पोरांना म्हणायच्या, गोष्टी सांगणारे आजोबा आणते तुम्हाला."

ताई पोरीच्या पायात चप्पल घालत होती. तिनं मान वर केली नाही.

बाहेर पडल्यावर जिन्यात निरीक्षक बाई थांबल्या. कठड्याला हात लावून, चांगला कान धाकट्याकडे करून त्यांनी साधं काहीतरी विचारावं तसं विचारलं, "तुमच्या घरात आरसे का झाकलेत हो?"

"आईमुळे. आरसा दिसला की ती..."

वाक्य त्याच्या तोंडातच थांबलं. एक पलंग. एक खुर्ची. भिंतीला आरसा. दाराला खालची साधी कडी.



६

संध्याकाळी सगळी पोरं गेल्यावर ते दोघं परत आले आणि ताईसह तिघं पाळणाघरातच बसले. मोठ्या माणसांच्या खुर्च्या दोनच होत्या, म्हणून धाकटा पोरांच्या बुटक्या बाकावर बसला. गुडघे छातीशी आले होते.

"मी माझं गणित सांगते," निरीक्षक बाई म्हणाल्या. "चुकलं तर टोका. सुरुवातीला सगळे एकच विचारत होते, पंपवाल्यांच्या जिवावर कोण उठलं? मीही. पण विष बायकोच्या औषधात होतं. ते त्यांनी खाल्लं, कारण ते चाखायचे. तेव्हा प्रश्न दोन झाले. ज्याला त्यांना मारायचं होतं, त्याला ते चाखतात हे ठाऊक असायला हवं. ज्याला त्यांच्या बायकोला मारायचं होतं, त्याला ते ठाऊक असता कामा नये."

ताई मांडीवरच्या हातांकडे बघत होती.

"ठाऊक होतं तिघांना. वैद्यबुवा, पण पुडा त्यांच्या दुकानातून निघाला तेव्हा चूर्ण स्वच्छ होतं. बरणीत भरताना सगळं ढवळलं गेलं, तरी विष वरच राहिलंय, आणि वैद्यबुवा तुमच्या आईबाबांच्या घरात पाऊल टाकत नाहीत. मावशी, पण पुडा आला तेव्हा त्या गेल्या होत्या आणि परतल्या तेव्हा काका गेले होते. तिसरे तुमचे भाऊ. विष घालणारा माणूस 'ते घेऊ नका, मराल' म्हणून गल्ली गोळा करत नाही. 'मी चाखतो' म्हणून हट्ट धरत नाही. तिघेही सुटले. म्हणजे काकांना मारायचं कुणाच्याच मनात नव्हतं."

"मग उरतं कोण?" ताई म्हणाली. आवाज इतका सपाट होता, की जणू ती किराण्याचा भाव विचारत होती.

"ज्या एकट्या व्यक्तीला चाखणं ठाऊक नव्हतं, ती. जी रविवारी फळ्या आवरायला गेली. जिनं दोन आठवडे आधी एका माणसाची खोली तयार केली. आरशासकट. तुमच्या भावानं फोनवर 'सगळं संपलं' एवढंच सांगितलं, आणि तुम्ही म्हणालात, बाबांना एकटं सोडू नकोस. तेवढंच धरलं असतं तर मी सोडून दिलं असतं. आजारी माणूसच गेलं असेल असं कुणालाही वाटेल. पण दार आईनं उघडलं तेव्हा तुम्ही कशा बघत होतात, तेही मला भावानं सांगितलंय. काय सांगतोय ते त्याला कळत नव्हतं."

 खाली रस्त्यावर कुणीतरी सायकल उभी केली.

"ती आई नव्हतीच आता," ताई म्हणाली. "आई केव्हाच गेली. तिच्या जागी ती एक बाई राहिली होती. माझ्या बाबांना खात होती. तुम्ही पाहिलं नाहीत त्यांना. खुर्चीत बसल्या बसल्या तोंड उघडं टाकून झोपायचे. उभ्या उभ्या जेवायचे. मी म्हटलं, देखभाल केंद्रात ठेवू तिला. म्हणाले, ती घाबरेल गं तिथं. दर रविवारी थोडे कमी झालेले दिसायचे. धाकट्या, मला वाटलं होतं, तिला कळणारही नाही. झोपेत जाईल. डॉक्टर दाखला देतील, इतकी वर्षं आजारी होती. मग बाबा माझ्याकडे येतील. खिडकीत बसतील. झोपतील. फक्त झोपतील." ती थांबली. "मला फक्त माझे बाबा हवे होते."

धाकटा तिच्याकडे बघत होता. ही त्याला शाळेत हात धरून नेणारी ताई. तिच्यावर धावून जावं, किंवा तिला जवळ घ्यावं, यातलं काहीतरी व्हायला हवं होतं. दोन्ही झालं नाही. त्याला फक्त एवढं कळलं, की त्याच्या पायाला मुंग्या आल्या आहेत.

"पण ते चाखायचे कशाला?" ताईनं एकदम विचारलं. "कधीपासून? मला का नाही सांगितलं? मला सांगितलं असतं तर..." ती त्याच्याकडे वळली. "का चाखायचे ते, धाकट्या?"

निरीक्षक बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना कारण ठाऊक होतं. बोलायचं की नाही, ते त्यांनी त्याच्यावर सोडलं होतं.

ते एक वाक्य होतं. ते म्हटलं असतं, तर या खोलीतल्या एका माणसाला पुरतं संपवता आलं असतं, आणि तसा हक्कही त्याला होता. वाक्य त्याच्या जिभेवर येऊन बसलं. त्याला वडिलांचा आवाज आठवला, पोरगी मनाला लावून घेईल.

"सवय होती त्यांची," धाकटा म्हणाला. "उगाचच."

ताई मान हलवत राहिली. मग उठली, गाद्यांच्या घड्या करून भिंतीशी लावल्या, दिवा मालवला आणि निरीक्षक बाईंच्या पुढे चालू लागली.

७

त्यानंतरचे दिवस कसे गेले, ते धाकट्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. शेवटचं सगळं उरकलं. भाऊजी एकदा येऊन बसले, बोलले नाहीत, गेले. दुकान अर्धा दिवस उघडं राहू लागलं. फळीवरची सगळी औषधं त्यानं एका पोत्यात भरून टाकून दिली. आईत काही फरक पडला नाही. चांगलाही नाही, वाईटही नाही. मावशींना त्यानं ठेवून घेतलं. त्यांना म्हणाला, पाठ टेकायची असली की मला सांगा, मी बसतो. त्या पदरात तोंड घालून रडल्या आणि तो तसाच उभा राहिला.

ताईला भेटायला जायचं नाही, हे त्यानं ठरवलं होतं. ठरवलं होतं म्हणजे तो विचारच मनात येत नव्हता. ताईच्या वकिलाचा निरोप आला, तो त्यानं ऐकला आणि ठेवून दिला.

एका रविवारी नेहमीप्रमाणे मावशींची सुट्टी होती. धाकट्यानं आईला अंघोळ घातली, खिडकीशी बसवलं आणि तो भिंग घासत बसला. आई वडिलांबद्दल एकदाही बोलली नव्हती. कुणी गेलंय हे तिच्या गावीच नव्हतं. आज मात्र ती राहून राहून दाराकडे बघत होती. हातातला कागद तिनं खाली ठेवला. तसं ती कधी करत नसे.

"आली नाही अजून," ती म्हणाली.

"कोण, आई?"

आईनं ओले केस हातात धरले आणि ते पुढं केले, एखाद्याला दाखवावेत तसे.

"ती. केस विंचरते ती. हळू विंचरते. दुखत नाही."

दर रविवारी दुपारी ताई आईला पुढ्यात घेऊन बसायची आणि तिच्या केसांतला गुंता काढायची. धाकटा त्या वेळी नेहमी आपली झोप भरून काढत असायचा. ते त्यानं कधी नीट पाहिलंच नव्हतं.

"रविवार ना आज?" आई म्हणाली.

रविवारच होता. कित्येक महिन्यांत आईनं वार बरोबर सांगितला नव्हता.

धाकट्यानं भिंग खाली ठेवलं. कंगवा आणला. आईच्या मागे उभा राहून केसांना लावला, तर पहिल्याच फटक्याला तो अडकला आणि आई कळवळली. "तू नको," ती म्हणाली. "तुला येत नाही. तिला बोलाव."

कंगवा हातात घेऊन तो बराच वेळ तसाच उभा राहिला.  इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी दुखत होतं. ते दुखतंय, हे त्याला नीट कळत होतं. मग त्यानं फोन उचलला आणि निरीक्षक बाईंना लावला.

"बाई, मी बोलतोय. पंपवाल्यांचा धाकटा." त्यानं घसा साफ केला. "तिथं ताईला भेटायची वेळ काय असते?"



"सकाळची," बाई म्हणाल्या. "एकटेच येणार का?"

त्यानं आईकडे पाहिलं. ती ओले केस पाठीवर सोडून दाराकडे तोंड करून बसली होती.

"आईला घेऊन येतो," तो म्हणाला.